पाकटाचा काटा आणि बर्फाची पिशवी

पाऊस सरला की गोव्यातल्या मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकणाऱ्यांची गर्दी होते आणि आमच्या दवाखान्यात पायाला बर्फ बांधलेली मंडळी लंगडत येऊ लागतात. सगळ्यांना भीती शार्कची. पाय पडतो पाकटावर. हा चपटा मासा उथळ पाण्यात अंगावर वाळू ओढून पडलेला असतो. फळीवरून धप्पकन उतरलात की शेपटीचा दातेरी काटा घोट्यात घुसलाच म्हणून समजा. 2013 मध्ये गिरगाव चौपाटीवर गणपती विसर्जनाला गेलेल्या अनेकांना हा प्रसाद मिळाला होता.

बर्फ लावायला कोणी सांगितलं? मोबाइलने! अहो, पाकटाच्या विषाची कळ शमते ती उष्णतेने. सोसवेल इतक्या गरम पाण्यात, म्हणजे जास्तीत जास्त 45 अंशांच्या, पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. पाणी आधी दुसऱ्या पायाने तपासा, कारण दुखऱ्या पायाला चटका कळत नाही.

परवा पुण्याचा एक तरुण आला. पायावर बर्फ, पोटरीला करकचून दोरी, जखमेत हळद. शिवाय एका मित्राने लघवीचाही प्रयोग केलेला. (असे मित्र असल्यावर पाकट कशाला हवा?) दोरी सोडली, जखम धुतली, पाय बादलीत ठेवला. अर्ध्या तासात ओरडणं थांबलं आणि गडी चहा मागू लागला. वर विचारतो, सापाचं इंजेक्शन नाही का देणार? नाही. ते पाकटाच्या विषावर चालत नाही.

घाबरू नका, बहुतेक जण ठणठणीत बरे होतात. पण कळ थांबली म्हणून परस्पर घरीही जाऊ नका. काट्याचा तुकडा आत राहतो, जखम चिघळते. धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं. सूज चढत गेली, ताप आला, कातडीवर काळपट फोड उठले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मधुमेही किंवा यकृताचे रुग्ण असाल तर फोडांची वाटही पाहू नका. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या म्हणजे उपचार नव्हे. काटा छातीत किंवा पोटात रुतला असेल तर तो उपसू नका, जखमीला तसंच रुग्णालयात न्या. टीव्हीवर वन्यजीवांचे कार्यक्रम करणारा ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह आयर्विन 2006 मध्ये छातीवरच्या अशाच घावाने गेला.

समुद्रसापाचं उलटं आहे. त्याचा चावा बऱ्याचदा दुखतच नाही. काही तासांनी अंग ठणकलं, पापण्या जड झाल्या, लघवी गडद तपकिरी झाली, तर थेट मोठ्या रुग्णालयात.

पाण्यात पाऊल उचलू नका, वाळूत घासत चाला. चाहूल लागली की पाकट स्वतःच पळतो. आणि गरम पाणी मागायला शॅक (किनाऱ्यावरचं उपाहारगृह) नसलेल्या किनाऱ्यावर जाताना गरम पाण्याचा मोठा थर्मास आणि एक टब गाडीत टाका.