पुरात बंद पडलेला फ्रिज

आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की सांगलीच्या गावभागात आवराआवर सुरू होते. इशारा पातळी ४०, धोका पातळी ४५, हे आकडे तिथल्या पोरासोरांनाही पाठ असतात. कागदपत्रं, दागिने, धान्य, गाद्या सगळं माळ्यावर जातं. फ्रिज मात्र जागचा हलत नाही. एक तर तो जड, आणि ‘दोन दिवसांत परत येतोच आहोत की’ असं प्रत्येकाला वाटत असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५चा पूर डोळ्यांनी पाहिलेल्यांचाही अंदाज चुकला.

माझं सासर साताऱ्यात आणि माहेर गावभागात. त्या आठवड्यात आम्ही इकडे कोयनेच्या विसर्गाचे आकडे ऐकत होतो. धरणातून सुटलेलं पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेत येतं आणि पुढे सांगलीच्या दारात जातं. दादा-वहिनी आईला घेऊन विश्रामबागेत पाहुण्यांकडे गेले. काका-काकूही त्यांच्यासोबत निघाले. तळमजला काकांचा, वरचा मजला दादाचा. वीज आधीच तोडलेली होती.

वेळही अशी की आखाड नुकताच संपलेला. शेवटच्या जेवणातलं मटण, श्रावण न पाळणाऱ्या भाच्यासाठी वहिनीनं फ्रीजरमध्ये ठेवलं होतं. खाली नागपंचमीच्या दिंडांसाठी केलेलं पुरण, दूध, दही, कोथिंबिरीच्या जुड्या. घाईत निघालेल्या घरातला फ्रिज भरलेलाच असतो.

वीज गेल्यावर दार उघडलं नाही तर फ्रिजमधला गारवा साधारण ४ तास टिकतो. खच्चून भरलेला फ्रीजर ४८ तास तग धरतो, अर्धा भरलेला २४. त्यानंतर तो घट्ट झाकणाचा उबदार डबा होतो. आतलं सगळं कुजायला लागतं आणि वासाला बाहेर पडायला वाट नसते.

पाणी ओसरलं आणि पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा असा रस्ता मोकळा झाला तशी मी सांगली गाठली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भिजलेल्या गाद्या, फुगलेली कपाटं आणि पोत्यांचे ढीग लागलेले. आमच्या खालच्या घरात काकांचा फ्रिज स्वयंपाकघरातून तरंगत बाहेरच्या खोलीत येऊन आडवा पडला होता. फ्रिज पाण्यावर तरंगतो, हे पूर पाहिलेल्यांनाच ठाऊक. त्याच्या पत्र्याच्या आतला फोम गटाराच्या पाण्यानं भिजला होता. असा फ्रिज वाचत नाही. वरून कितीही घासा, भिंतीच्या आत शिरलेलं पाणी निघत नाही आणि वास पुन्हा पुन्हा वर येतो. काका फार हळहळले, कारण वरून तो धडका दिसत होता. पण बुडालेलं विजेचं उपकरण सॉकेटला लावणं म्हणजे जिवाशी खेळ. आधी फोटो काढायचे, पंचनामा होऊ द्यायचा आणि मग भंगारात द्यायचा. रस्त्यावर ठेवण्याआधी त्याचं दार मात्र काढून टाकायचं. त्या दिवसांत पोरं ढिगाऱ्यांवर खेळत होती. एखादं पोर आत बसलं आणि दार लागलं तर आतून हाक ऐकू येत नाही. दार काढता येत नसेल तर दोरीनं आवळून बांधावं.

वरचा फ्रिज पाण्यात नव्हता, फक्त बंद पडलेला. तो वाचणार होता, पण वहिनी रडकुंडीला आली होती. तिनं सगळं टाकून दिलं होतं, साबणानं धुतलं होतं, आत लिंबू ठेवलं, कापूर ठेवला, कॉफीची वाटी ठेवली. दार उघडलं की तोच भपकारा. शेजारच्या बायकांनी आणखी उपाय सांगितले. कुणी उदबत्ती म्हणे, कुणी अत्तराचा बोळा. हे सगळे वासावर वास चढवायचे प्रकार. दुसऱ्या दिवशी दुधाला कापराचा वास येतो आणि मूळ घाण जागेवरच राहते.

वास हवेत नसतो, तो कुठेतरी साचलेल्या रसात असतो. ती जागा सापडेपर्यंत बाकीची मेहनत वाया जाते. फ्रीजर वितळला की मांसाचं पाणी खाली उतरतं, भाजीच्या कप्प्यामागून जातं आणि मागच्या भिंतीतल्या छोट्या भोकात शिरतं. बर्फाचं पाणी निघून जावं म्हणून ते भोक असतं. तिथून नळीवाटे ते मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये पडतं. आम्ही फ्रिज पुढे ओढला. मागे खाली काळा प्लॅस्टिकचा ट्रे होता आणि त्यात तपकिरी साय धरल्यासारखा वाळलेला थर. वाकून पाहताना ओढणीतूनही उमासा आला. एवढे दिवस वहिनी पुढून घासत होती आणि घाण मागे बसली होती. कॉम्प्रेसर गरम झाला की तो थरही तापायचा, म्हणून फ्रिज चालू केल्यावर वास वाढायचा.

ट्रे काढून धुतला. भोकात कापसाची काडी फिरवली आणि सिरिंजनं कोमट सोड्याचं पाणी सोडलं, खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत. मग दाराचं रबर. त्याच्या घड्या बोटानं उघडून दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासल्या. तिथे काळी बुरशी होती. काचेचे कप्पे, भाजीचा डबा, अंड्यांची खाच, सगळं सुटं करून धुतलं.

आता कशानं धुवायचं ते. आधी साबण, कारण चिकट थर असताना बाकी काही लागू पडत नाही. मग वास कसला आहे ते पाहायचं. दूध, दही, लोणी आंबून आलेला वास आम्लाचा असतो, त्याला खाण्याचा सोडा उतारा. मांस-मासळी कुजली की अमाइन नावाची द्रव्यं सुटतात आणि ती आम्लानं मारावी लागतात, म्हणून तिथे व्हिनेगर. माशाला लिंबू चोळल्यावर उग्रपणा कमी होतो, त्याचं कारण हेच. आमच्याकडे दोन्ही होतं, म्हणून एक दिवस व्हिनेगरचं पाणी आणि दुसऱ्या दिवशी सोड्याचं. दोन्ही एकत्र ओतले तर एकमेकांना मारतात आणि हाती फेस राहतो. जंतूंसाठी ब्लीच वापरायचं झालं तर लिटरभर पाण्यात चहाचा एक चमचा पुरे. व्हिनेगर आणि ब्लीच मात्र कधीही एकत्र आणू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेततो. मधे स्वच्छ पाण्यानं धुऊन पुसून घ्या, खिडक्या उघड्या ठेवा आणि हे सगळं करताना प्लग काढलेला असू द्या.

यानंतर घाई करायची नाही. आतलं प्लॅस्टिक वास शोषून घेतं आणि तो हळूहळूच सोडतं. दार उघडं टाकून उन्हा-वाऱ्याला राहू द्यावं. चुरगळलेली वर्तमानपत्रं आत कोंबून रोज बदलावीत. सोडा पसरट ताटलीत ठेवावा, कारण हवेशी जेवढा जास्त संबंध तेवढा गुण. खोल वाटीत तळाचा सोडा नुसता बसून राहतो. सक्रिय कोळसा मिळाला तर तो याहून सरस. वहिनीचा फ्रिज असाच पूर्ववत झाला आणि अजून चालतो.

रोजच्या वासाचं मूळही बहुतेक वेळा तिथेच सापडतं: ते भोक, तो ट्रे, ते रबर. माझ्या साताऱ्याच्या घरी पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते, म्हणून पावसाळा लागायच्या आधी मी ट्रे बघतेच. चिरलेला कांदा, लसणाची ओली चटणी, सुके बोंबील, आंबलेलं पीठ झाकणाच्या डब्यात जातं. आत ४ अंशांच्या आसपास आणि फ्रीजरमध्ये उणे १८ असावं. पण थंडीत जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ मंदावते एवढंच. काही तर थंडीतही वाढतात. म्हणून ‘फ्रिजमध्ये आहे ना’ हे टिकण्याचं कारण होत नाही.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५५ फुटांच्या आसपास पोहोचलं. या खेपेला निघण्याआधी वहिनीनं दूध-दही शेजाऱ्यांत वाटलं, फ्रीजर रिकामा केला, प्लग काढून आतून कोरडं पुसलं आणि दार लागू नये म्हणून कडेला कापडाची गुंडाळी बांधली. परत आली तेव्हा ओल्या मातीचा वास सोडला तर काही नव्हतं. मे महिन्यात गावी जाताना, जत्रेला जाताना, घर दहा-बारा दिवस बंद ठेवताना हेच करावं.

फ्रिज रिकामा करणं शक्यच नसेल तर निघण्याआधी एका वाटीत पाणी गोठवून त्याच्या बर्फावर एक नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर फ्रीजर वितळला नव्हता. ते तळाशी गोठलेलं सापडलं तर मधे सगळं वितळून पुन्हा थिजलं आहे. मग वास येत नसला तरी मटण-मासळी चव घेऊन बघू नका, तशीच पिशवीत बांधून टाकून द्या.