केकचा भाव कसा ठरवू?

प्रश्न : मी मस्तगड, जालना इथे घरीच सजवलेले केक करते. किलोला 500 रुपये घेते, तरी हातात काही उरत नाही. भाव किती ठेवू?

उत्तर : ताई, तुम्ही फक्त सामान मोजता, स्वतःला मोजत नाही. समजा एक किलोच्या केकला 380 रुपयांचं सामान लागलं, बोर्ड-डबा-टॉपरचे 70, वीज-गॅसचे 30. झाले 480. आता घड्याळ लावून बसा. स्पंज, क्रीमचा पहिला हात, फ्रीजमध्ये बसवणं, मग नोझलने एकेक पाकळी ओढत केलेले गुलाब, शेवटी भांडी. चार तास सहज जातात. तासाला 80 धरले तरी 320. वर नासधूस, झीज आणि नफा म्हणून 15 टक्के. 920 रुपये झाले. म्हणजे तुमची मजुरी आज गिऱ्हाइकाच्या खिशात जातेय, आणि हे मला खरंच सलतं.

फॉन्डंटच्या बाहुल्यांचे पैसे वेगळे सांगा. मे महिन्यात क्रीम वितळतं, तेव्हा पोहोचवण्याचेही घ्या. निम्मी रक्कम आगाऊ घ्याच. बेकरीशी भावात स्पर्धा नको. तिथलं गणित वेगळं. अन्न सुरक्षा कायदा 2006 खालची नोंदणी घरगुती व्यवसायालाही लागते, तिचा खर्चही हिशेबात धरा. जुन्या गिऱ्हाइकांना नवा भाव महिनाभर आधी कळवा.