भांडे बदलण्याआधी जमीन पाहावी

घरातील संडास नव्याने बांधायचा किंवा जुना काढून दुसरा बसवायचा असे ठरले की चर्चेला सुरुवात होते ती भांड्याच्या रंगापासून, कंपनीपासून आणि किमतीपासून. परंतु या कामातून पुढे वर्षानुवर्षे जो त्रास होतो तो बहुधा फरशीच्या खाली, म्हणजे ट्रॅप, पाइप, टाकी आणि त्यांच्याभोवतीची माती यांत उगम पावतो. बाळापूरच्या परिसरात तर येथील माती आणि येथील पाणी ही दोन कारणे इतकी प्रबळ आहेत की त्यांचा विचार न करता केलेले उत्तम मालाचे कामही टिकत नाही.

मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर वसलेले बाळापूर पूर्णा नदीच्या खोऱ्यात मोडते, आणि या खोऱ्यातील काळी जमीन कपाशीला जितकी मानवते तितकीच ती बांधकामाला जाचक ठरते. बेसॉल्ट खडक झिजून तयार झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज भरपूर असते. ते पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून जमिनीला खोल भेगा पाडते. घराच्या मुख्य भिंतींचा पाया मुरमापर्यंत नेलेला असला, तरी मागच्या अंगणात नंतर जोडलेला संडास पुष्कळदा फूट-दीड फूट खोलीच्या पायावर उभा केला जातो. परिणामी घर जागेवर राहते, संडास ऋतूप्रमाणे वरखाली होतो आणि दोहोंमधून जाणारा पाइप सांध्यातून निखळतो. निखळलेला सांधा डोळ्यांना दिसत नसल्यामुळे भिंतीला चढणारी ओल आणि फरशीतून येणारा वास यांचा दोष भांड्यावर येतो, भांडे बदलले जाते आणि वास तसाच राहतो. यावर टिकाऊ उपाय एकच आहे: संडासाच्या पायाखालची व पाइपाच्या चरातली काळी माती काढून टाकावी, तिच्या जागी मुरूम थराथराने पाणी मारून चोपावा, पाइपाखाली वाळूचा बिछाना द्यावा, आणि पाइप भिंतीतून जातो तेथे तो सिमेंटमध्ये घट्ट जखडण्याऐवजी भोवती थोडी मोकळी जागा ठेवून रबरी रिंगचा सांधा वापरावा, म्हणजे जमीन हलली तरी पाइपाला थोडे हलता येते. चार इंची पाइपाला दर दहा फुटांमागे दोन ते तीन इंच उतार पुरेसा असतो. तो फार कमी झाला तर मैला साचतो, आणि फार जास्त झाला तर पाणी पुढे पळून मैला मागे राहतो, ही दुसरी गोष्ट अनेक मिस्त्रींनाही पटत नाही, पण ती खरी आहे.

घरातील वडीलधाऱ्यांचे गुडघे दुखू लागले म्हणून बैठकीचे भांडे काढून कमोड बसवणे हे आता सर्वांत जास्त वेळा निघणारे काम आहे, आणि त्यातच सर्वांत महाग पडणारी चूक घडते. प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील बाळापूरच्या एका घरात असेच झाले: कमोड नवा होता, टाकी नुकतीच उपसलेली होती, तरीही पाणी सोडले की ते भांड्यात वर चढत असे, गुडगुड आवाज करीत असे आणि सावकाश उतरत असे. फरशी फोडल्यावर कळले की जुन्या भांड्याखालचा ट्रॅप तसाच ठेवून त्याच्यावर कमोड जोडलेला होता. ट्रॅप म्हणजे पाइपाचे असे वळण की ज्यात थोडे पाणी कायम अडून राहते आणि टाकीतील वायूला घरात येऊ देत नाही. या अडलेल्या पाण्याला प्लंबर वॉटर सील म्हणतात. बैठकीच्या भांड्याचा ट्रॅप वेगळा असतो आणि तो फरशीखाली बसवावा लागतो, तर कमोडमध्ये तो भांड्याच्या आतच घडवलेला असतो. दोन्ही राहिले की दोन पाण्यांच्या मध्ये हवा कोंडते, आणि कोंडलेली हवा वरून येणाऱ्या पाण्याला वाट देत नाही. अशा घरात फरशी पुन्हा फोडण्याखेरीज उपाय नसतो. म्हणून जुने भांडे निघाल्यावर, नवे जोडण्यापूर्वी, घरमालकाने स्वतः उभे राहून जुना ट्रॅप बाहेर आलेला पाहावा.

त्याच वेळी उघड्या पाइपाच्या तोंडात फडक्याचा घट्ट बोळा बसवावा, कारण त्याने टाकीतील वायू खोलीत येत नाही आणि फोडलेल्या फरशीचे व जुन्या भांड्याचे तुकडे आत पडत नाहीत; आत गेलेला एक तुकडा वळणात अडकला तर पुढे काही महिन्यांनी पाइप तुंबतो आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही. बोळा मोजकाच आणि बाहेर टोक राहील असा असावा, नाहीतर तोच आत राहून जातो.

कमोड विकत घेण्याआधी माप घ्यावे लागते. ज्याचा मैला खाली फरशीत उतरतो त्याला एस ट्रॅप आणि ज्याचा मागे भिंतीत जातो त्याला पी ट्रॅप म्हणतात. एस ट्रॅपमध्ये भिंतीपासून पाइपाच्या मध्यापर्यंतचे अंतर साधारण ९ किंवा १२ इंच असते, आणि हे अंतर विटांच्या किंवा प्लास्टरच्या भिंतीपासून मोजले तर टाइल लागल्यावर ते कमी पडते आणि भांड्याची टाकी भिंतीला टेकते. म्हणून माप नेहमी तयार टाइलच्या पृष्ठभागापासून घ्यावे आणि ते कागदावर लिहून दुकानात न्यावे. भांडे आणि पाइप यांच्यामध्ये रबरी गॅस्केट हवीच; तिच्या जागी सिमेंट आणि सुतळी भरण्याची जुनी सवय काळ्या जमिनीवर हमखास तडा देते.

भांडे जमिनीला कसे धरावे याबद्दलही आग्रहाने सांगावे लागते. वऱ्हाडातील अनेक मिस्त्री कमोडच्या पोकळ बुडात सिमेंटचा माल ठासून भरतात, कारण त्यामुळे भांडे हलत नाही. पण चिनी मातीला आतून जखडले की जमिनीच्या किंचित हालचालीने तिला केसासारखी चीर पडते, आणि पुढे भांडे बदलायचे झाल्यास ते फोडल्याशिवाय निघत नाही. बरोबर रीत अशी की टाइलला भोके पाडून प्लग बसवावेत, गंजणार नाहीत असे स्टीलचे किंवा पितळी स्क्रू दोन्ही बाजूंनी आळीपाळीने हाताच्या जोराने आवळावेत, आणि भांड्याच्या कडेला पांढरे सिमेंट किंवा सिलिकॉन लावताना मागची थोडी जागा मोकळी सोडावी, म्हणजे आत गळती झाली तर पाणी बाहेर येऊन दिसते आणि फरशीखाली मुरत राहत नाही.

पाण्याचा विचार येथे वेगळा करावा लागतो, कारण अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पसरलेल्या खारपाणपट्ट्यात बाळापूर तालुक्याचा भाग येतो आणि येथील बोअरच्या पाण्यातील क्षार फ्लशच्या टाकीतील तरंगत्या व्हॉल्व्हवर पांढऱ्या थराने बसतात. थर वाढला की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही व पाणी अखंड झिरपते. ते ओळखण्यासाठी फ्लशच्या टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकून अर्धा तास वाट पाहावी, भांड्यात रंग उतरला तर टाकीतून पाणी झिरपत आहे असे समजावे. क्षाराचे डाग काढण्यासाठी तीव्र ॲसिड ओतण्याची प्रथा घातक आहे: ते पितळी व रबरी भाग खाते, मैला कुजवणारे जिवाणू मारते, आणि ब्लीचिंग पावडरशी मिसळले तर क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो. व्हिनेगर किंवा लिंबाचे सत्त्व रात्रभर लावून ठेवणे सावकाशीचे असले तरी सुरक्षित आहे. पाणी बेताचे असलेल्या घरात ३ व ६ लिटरचा दुहेरी फ्लश घ्यावा. जुन्या टाक्या एका वेळेला १० लिटर किंवा त्याहून अधिक पाणी सोडत.

मैला शेवटी जातो कोठे, हा या विषयाचा गाभा आहे. सेप्टिक टँक म्हणजे न गळणारी बंद टाकी, जिच्यात जड भाग तळाशी बसून कुजतो आणि वरचे पाणी पुढे निघते. ते पाणी दिसायला निवळ असले तरी त्यात रोगजंतू असतात, म्हणून ते उघड्या गटारात सोडणे हा शेजाऱ्यांवरचा अन्याय आहे. ते शोषखड्ड्यात जावे अशी अपेक्षा असते, परंतु ओली काळी माती पाणी फार मंद गतीने शोषते, त्यामुळे ठरीव मापाचा खड्डा श्रावणात तोंडापर्यंत भरतो. यासाठी खड्ड्याच्या विटांच्या बाहेर चहूबाजूंनी ३० सेंटिमीटर जाडीचा वाळू व गिट्टीचा थर द्यावा, खड्डा नेहमीपेक्षा मोठा करावा, आणि जागा असेल तर जास्तीचे पाणी जमिनीखालीच राहील अशा गिट्टीच्या वाफ्यातून कर्दळ किंवा केळीला द्यावे. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून शोषखड्डा १८ मीटर, म्हणजे सुमारे ६० फूट, दूर असावा. प्लास्टिकची तयार टाकी घेतल्यास माती भरण्याआधी तिच्यात पाणी भरावे. रिकामी टाकी पावसाळ्यात भूजल चढले की वर उचलली जाते आणि पाइप तोडते.

आसपासच्या खेड्यांत, जेथे अंगण आहे, तेथे दोन खड्ड्यांचा संडास अधिक चांगला, हे मत येथे निःसंकोच नोंदवावेसे वाटते. २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत मिशनमध्ये ग्रामीण कुटुंबांना १२,००० रुपयांचे साहाय्य ज्या संडासांसाठी मिळाले त्यांत हीच रचना पुढे ठेवली गेली होती, पण मोठी टाकी म्हणजे चांगला संडास या समजुतीने अनेकांनी ती बाजूला सारली. जाळीदार वीटकामाचे दोन खड्डे, त्यांना जोडणारा इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा चेंबर, आणि एका वेळी एकच खड्डा चालू: एक भरायला कुटुंबाच्या आकारानुसार काही वर्षे लागतात, मग चेंबरमध्ये वाट बदलून तो दीड-दोन वर्षे बंद ठेवला की आतील मैल्याचे वास नसलेले खत होते. महाराष्ट्रात या विचाराला जुनी परंपरा आहे. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याच्या खताचे प्रयोग केले, तर देहूचे डॉ. मापुसकर, ज्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली, यांनी संडास गोबर गॅसप्रमाणे वायुनिर्मितीला जोडून दाखवले. अशा खड्ड्यात न्हाणीचे आणि पावसाचे पाणी मात्र कधीही सोडू नये.

बाळापूरच्या जुन्या वाड्यांत मागच्या बोळाकडे उघडणारे टोपली संडास होते, आणि ती टोपली रोज डोक्यावरून वाहून नेण्याचे काम एका विशिष्ट जातीच्या माणसांवर लादलेले होते. ज्या वऱ्हाडात गाडगेबाबांनी, ज्यांचे आजोळ मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे हे होते, स्वतः हातात झाडू घेऊन गावे झाडली, त्याच वऱ्हाडात ही प्रथा दीर्घकाळ चालली, ही गोष्ट लाज वाटावी अशीच आहे. तिची उरलेली छाया म्हणजे भरलेल्या टाकीत माणूस उतरवणे. टाकीतील हायड्रोजन सल्फाइड हा वायू जास्त प्रमाणात असला की आधी वासाची जाणीवच मारतो, त्यामुळे उतरणाऱ्याला धोका कळत नाही आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही वाचत नाही. २०१३ च्या कायद्याने कोणत्याही व्यक्तीला वा संस्थेला कोणाकडूनही असे धोकादायक काम करून घेण्यास मनाई केली आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. म्हणजे मजुराला चार पैसे देऊन आत पाठवणारा घरमालकही त्यात येतो.

याचा बांधकामाशी थेट संबंध आहे. टाकी दर दोन-तीन वर्षांनी व्हॅक्यूम टँकरने उपसावी लागते, त्यासाठी तिच्या दोन्ही कप्प्यांवर उचलता येणारी झाकणे हवीत, त्यांच्यावर टाइल किंवा ओटा बांधलेला नसावा, आणि वायू बाहेर जाण्यासाठी छपराच्या वर नेलेल्या पाइपाच्या तोंडावर डास अडवणारी जाळी हवी. जुन्या गावातील अरुंद बोळांत टँकर शिरत नाही. तेथे टाकीची जागा ठरवताना टँकर जेथपर्यंत येऊ शकतो तेथून झाकणापर्यंतचे अंतर आधी मोजावे, टँकरवाल्याकडे किती लांबीचा पाइप आहे ते विचारावे, आणि तो पुरत नसेल तर संडास मागे असला तरी टाकी पुढच्या बाजूला घ्यावी.