ज्ञात दोषांची यादी आधी वाचा

नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर अपडेट करा असं सांगणारा आणि त्यानंतर रात्रभर जागणारा, ही दोन माणसं सहसा वेगळी असतात. सांगणारा असतो एखादा ऑडिटर, नाहीतर सिक्युरिटी स्कॅनचा अहवाल. जागतो तो नोएडा-गुरुग्रामकडच्या एखाद्या डेटा सेंटरमधला रात्रपाळीचा मुलगा. पुण्या-नाशिकहून, नागपूरहून या कामाला इकडे आलेली मराठी मुलं अधूनमधून भेटतात, सल्ला विचारतात. त्यांना मी हल्ली एकच गोष्ट सांगतो. नव्या आवृत्तीसोबत जी टिपणं येतात त्यांत दोन याद्या असतात, एक 'दुरुस्त केलेले दोष' आणि दुसरी 'ज्ञात दोष'. दुसरी आधी वाचा.

पहिली सगळेच वाचतात, कारण कामाची मंजुरी मिळवायला तीच जोडावी लागते. दुसरी यादी शेवटच्या पानांवर असते आणि तिथवर पोचेपर्यंत वाचणाऱ्याचा चहा संपलेला असतो.

ग्रेटर नोएडाच्या बाजूच्या एका डेटा सेंटरमधला प्रसंग सांगतो. स्टोरेजचे सर्व्हर होते, प्रत्येकात २५ गिगाबिटचे दोन पोर्ट आणि त्या दोहोंचा मिळून एक बाँड. देखभालीचा करार ज्यांच्याकडे होता त्यांच्या माणसाने रात्री कर्नल आणि कार्डाचा ड्रायव्हर दोन्ही बदलले, पहिला सर्व्हर रीबूट केला आणि मला फोन केला, "सर जी, हो गया. पिंग आ रहा है." डॅशबोर्डवरही तो सर्व्हर हिरवा. स्विचच्या पोर्टवरचे दिवेसुद्धा हिरवे. तरीही स्टोरेजचा क्लस्टर म्हणत होता की हा सर्व्हर गेला. ठरलेला वेळ वाट पाहून त्याने त्या सर्व्हरवरच्या डेटाच्या प्रती दुसरीकडे बनवायला घेतल्या होत्या, आणि त्या रहदारीने बाकीचे सर्व्हर धापा टाकत होते.

रिमोट कन्सोल उघडून पोर्टची यादी काढली. काल जिथे 'ईएनएस१एफ०' आणि 'ईएनएस१एफ१' होते, तिथे आज दोघांनाही शेपूट फुटलं होतं: 'ईएनएस१एफ०एनपी०' आणि 'ईएनएस१एफ१एनपी१'. बाँडच्या कॉन्फिगमध्ये नावं जुनीच. त्या नावांचे पोर्ट आता यंत्रात नव्हतेच, त्यामुळे बाँड उभा होता पण त्याच्या पोटात काही नव्हतं. पिंगला उत्तर देत होता तो मदरबोर्डवरचा एक गिगाबिटचा साधा पोर्ट. त्याचा ड्रायव्हर वेगळा, म्हणून नाव शाबूत. डॅशबोर्डही त्याच पोर्टला विचारत होता. स्विचवरच्या दिव्यांचं म्हणाल, तर काही ड्रायव्हर पोर्ट वापरात नसला तरी लिंक तोडत नाहीत, तोडा म्हणून मुद्दाम सांगावं लागतं.

यात बिघाड असा कशातच नव्हता. नवा ड्रायव्हर कर्नलला प्रत्यक्ष पोर्टचं नाव कळवू लागला होता आणि पोर्टांना नावं देणारी यंत्रणा ते नाव शेवटी जोडत होती. ज्ञात दोषांच्या यादीत ते एका ओळीत लिहिलेलंही होतं: अपग्रेडनंतर काही यंत्रणांवर इंटरफेसचं नाव बदलू शकतं. उपाय अगदी साधा. पोर्टचं नाव आधीच त्याच्या मॅक पत्त्याशी बांधून टाकायचं. इथे मात्र कार्डाचा कायमचा पत्ता घ्या, कारण बाँडमध्ये गेलेले दोन्ही पोर्ट वरवर एकच पत्ता दाखवतात आणि घाईत तोच दोनदा लिहिला जातो.

ज्ञात दोषांच्या यादीची भाषा फार सभ्य असते. 'कामगिरी कमी होऊ शकते.' 'काही विशिष्ट परिस्थितीत लिंक येत नाही.' अशा ओळींचा अर्थ रात्रपाळीच्या बोलीत लावायची सवय करून घ्यायला हवी. इंटेलच्या ई८१० मालिकेचं उदाहरण घ्या. ही १०० गिगाबिटपर्यंतची कार्डं. त्यांचा 'आइस' नावाचा ड्रायव्हर सुरू होताना डीडीपी नावाची वेगळी फाइल कार्डात भरतो. ती सापडली नाही किंवा तिची आवृत्ती जुळली नाही, तर कार्ड बंद पडत नाही, ते 'सेफ मोड'मध्ये उठतं. इंटेलच्या कागदपत्रांतच हे स्पष्ट दिलेलं आहे. लिंक १०० गिगाबिटच दाखवते, पिंग येतं, लॉगिन होतं. फक्त पॅकेट घ्यायला अनेक रांगा असायच्या तिथे एकच रांग उरते आणि सगळा भार प्रोसेसरच्या एकाच कोअरवर येतो. १०० गिगाबिटवर सर्वांत लहान आकाराची पॅकेटं सलग आली तर दर ६.७ नॅनोसेकंदाला एक येतं. ३ गिगाहर्ट्झच्या कोअरला तेवढ्यात जेमतेम वीस ठोके मिळतात. एकट्या कोअरला हे झेपणं शक्य नाही. हे होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बूटच्या वेळी लागणाऱ्या इनिटरॅमएफएसमध्ये नवा ड्रायव्हर जातो आणि त्याची फाइल मागे राहते. 'डीमेसेज'मध्ये तसा स्पष्ट संदेश असतो, पण लिंक आली म्हटल्यावर तो बघायला कोण जातो?

'लिंक येत नाही' या ओळीमागे बहुतेक वेळा एफईसी असतो. २५ आणि १०० गिगाबिटवर केबलमध्ये होणाऱ्या चुका दुरुस्त करायला कार्ड आणि स्विच एक पद्धत ठरवतात. फर्मवेअर बदलल्यावर कार्डाची मूळ पसंती बदलली आणि स्विचची तीच राहिली, तर चांगली केबलही मेल्यासारखी वाटते. अशा वेळी केबल बदलून बदलून माणसं दमतात. आधी दोन्ही टोकांचा एफईसी ताडून पाहा, मग केबलला हात लावा. इंटेलच्याच एक्स७१० कार्डांची आणखी एक खोड जुन्या लोकांना पाठ असते. त्यांचं फर्मवेअर एलएलडीपीची पॅकेटं स्वतःच गिळतं, ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत येऊच देत नाही. शेजारी कोणता स्विच आहे ते सर्व्हरला दिसेनासं झालं की माणूस स्विचवाल्याशी भांडायला जातो. ईथटूलमध्ये ते बंद करायचा खास झेंडा आहे.

मात्र ड्रायव्हरच दोषी हे गृहीत धरून चालू नका. २००८ साली लिनक्सच्या २.६.२७ कर्नलच्या चाचणी आवृत्त्यांवर इंटेलची ई१०००ई ड्रायव्हरवर चालणारी कार्डं एकेक करून निकामी होऊ लागली. कार्डातल्या कायमच्या मेमरीतला मजकूरच खराब होत होता, त्यामुळे ती रीबूटनेही परत येत नव्हती. सगळ्यांचं बोट ड्रायव्हरकडे. शेवटी गुन्हेगार निघाला एफट्रेस, म्हणजे कर्नलमधल्या हालचाली टिपणारी यंत्रणा. मोकळ्या झालेल्या ज्या जागेवर ती अजून लिहीत होती, तीच जागा आता कार्डाला दिलेली होती. त्या दिवसांत केवळ कार्डाच्या टिपणांवर विसंबलेल्याला काहीच सापडलं नसतं. म्हणून तीन टिपणं वाचायची: ड्रायव्हरची, फर्मवेअरची आणि कर्नलची किंवा हायपरव्हायजरची. व्हीएमवेअरच्या सुसंगततेच्या यादीत ड्रायव्हर आणि फर्मवेअर यांची जोडी दिलेली असते ती उगाच नाही.

१९ जुलै २०२४ चा क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी सॉफ्टवेअरचा प्रकार दिल्लीकरांनी जवळून पाहिला. विमानतळावर उड्डाणांची माहिती पांढऱ्या फळ्यावर हाताने लिहावी लागली होती. ते सॉफ्टवेअर नेटवर्क कार्डाचं नव्हतं, पण विंडोजच्या कर्नलमध्ये बसणारा ड्रायव्हरच तो. त्याच्या अपडेटमधल्या नव्या फाइलला २१ मूल्यं हवी होती, ड्रायव्हर २० पुरवत होता. आपल्याकडच्या घड्याळात सकाळी ९.३९ ला फाइल निघाली, १०.५७ ला मागे घेतली, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख यंत्रं पडली. फाइल मागे घेतल्याने पडलेली यंत्रं उठली नाहीत, बहुतेकांपाशी जाऊन त्यांना हाताने उठवावं लागलं. एका वेळी एकच सर्व्हर करा असा आग्रह मी धरतो तो याचसाठी. पहिला सर्व्हर निदान एक पूर्ण दिवस खऱ्या कामाखाली ठेवा, रात्रीच्या बॅकअपसकट.

बाँड आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनाही एक सांगायला हवं. बाँडचे दोन्ही पोर्ट एकाच जातीच्या कार्डांवर असतील तर त्यांचा ड्रायव्हर एकच. तो पडला की दोन्ही पाय एकदम जातात. फर्मवेअर मात्र एकेका कार्डाचं करता येतं, तेव्हा तिथे घाई नको. दुसरं असं की ड्रायव्हर मागे नेता येतो, फर्मवेअर प्रत्येक वेळी मागे जाईलच असं नाही. ते आधी तपासा. आणि काही फर्मवेअर साध्या रीबूटने लागू होत नाही, कारण सर्व्हर बंद दिसत असताना कार्डाला वीज मिळतच असते. टिपणात तसं म्हटलं असेल तर वीज पूर्ण तोडावी लागते, म्हणजे कुणीतरी रॅकपाशी उभं असायला हवं.

जुन्या कार्डांचा विषय दिल्लीच्या नेहरू प्लेसच्या बाजाराशिवाय पुरा होत नाही. लॅबसाठी, छोट्या स्टार्टअपसाठी तिथून जुनी मेलॅनॉक्स कार्डं स्वस्तात आणायची हौस अनेकांना असते. (मलाही आहे.) पण घेण्याआधी दोन गोष्टी बघा. कनेक्टएक्स-३ ला मेलॅनॉक्सच्या स्वतःच्या ड्रायव्हर संचात ४.९ या आवृत्तीपर्यंतच जागा आहे, पाचव्या मालिकेत ते वगळलं आहे. लिनक्सच्या कर्नलसोबत येणाऱ्या ड्रायव्हरवर ते चालतं, तेवढ्यावर समाधान मानायची तयारी हवी. शिवाय ते कार्ड डेल किंवा एचपीच्या सर्व्हरमधून निघालेलं असेल तर त्याचा पीएसआयडी वेगळा असतो आणि मेलॅनॉक्सचं सर्वसाधारण फर्मवेअर त्यावर चढायला नकार देतं. जबरदस्तीने चढवायचा पर्याय उपलब्ध आहे. लॅबमध्ये हवा तर करून पाहा, चालू कामाच्या सर्व्हरवर त्या वाटेला जाऊ नका.

प्रत्यक्ष कामाच्या वेळी मी काय करतो? आधी ईथटूलने ड्रायव्हर, फर्मवेअर, ऑफलोड, रिंग, रांगा आणि एफईसी या सगळ्यांच्या नोंदी फाइलमध्ये उतरवून ती फाइल दुसऱ्या यंत्रावर ठेवतो. जुन्या ड्रायव्हरचं पॅकेज मात्र त्याच सर्व्हरच्या डिस्कवर हवं, कारण नेटवर्क गेल्यावर ते डाउनलोड कशाने करणार? सिक्युअर बूट चालू असेल तर नवं मॉड्यूल सही केलेलं आहे का ते पाहतो, नाहीतर कर्नल ते दारातच अडवतं. मग वेग मोजतो, अपडेटच्या आधी आणि नंतर, त्याच दोन सर्व्हरांमध्ये. आयपर्फ३ वापरत असाल तर ३.१६ किंवा पुढची आवृत्ती घ्या. त्याआधीच्या आवृत्त्या कितीही प्रवाह सांगितले तरी एकाच थ्रेडवर चालतात, आणि १०० गिगाबिटवर कार्ड कमी पडतंय की चाचणी हेच कळत नाही. जंबो फ्रेम असतील तर ८९७२ बाइटचं, तुकडे न करता जाणारं पिंग मारून बघा. साध्या पिंगने काहीही सिद्ध होत नाही.

तारीख ठरवताना इकडच्या हिवाळ्याचा विचार करा. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात नोएडा-ग्रेटर नोएडा एक्स्प्रेसवेची वेगमर्यादा उतरवतात, आणि पहाटे दिल्लीतल्या द्वारकेहून तिकडे पोचायचं म्हणजे भरवसा नाही. त्यात प्रदूषण वाढून ग्रॅप निर्बंधांचा तिसरा टप्पा लागला की दिल्ली, गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद आणि गौतम बुद्ध नगरात बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल मोटारी बंद. ज्याच्या हातात कन्सोलची किल्ली त्याचीच जुनी डिझेल गाडी, असा योग जुळतो. रिमोट कन्सोलचा पासवर्ड चालतो का, हे काम सुरू करण्याच्या दिवशी दुपारीच तपासून घ्या.

आणि यादीत नसलेलं काही सापडलं तर ते उत्पादकाला कळवा. गप्प बसून पुढच्या आवृत्तीची वाट पाहणारेच आपल्यात जास्त. तक्रारीत कार्डाचं मॉडेल, कर्नलची आवृत्ती, डीमेसेज आणि 'ईथटूल -आय'चं उत्तर जसंच्या तसं चिकटवा. फर्मवेअरची आवृत्ती त्या उत्तरातच असते, आणि ती नसेल तर तक्रार दुसऱ्या दिवशी तेवढंच विचारत परत येते.