घुमटाखालचे आकाश आणि कुलाब्याची नोंदवही

नागपुरात गांधीसागर तलावाजवळ १९९२ साली रामन विज्ञान केंद्र सुरू झाले आणि १९९७ मध्ये तेथे तारांगणाची भर पडली. आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांनी मान मागे टाकून सबंध आकाश प्रथम पाहिले ते त्याच घुमटाखाली. तारांगणाचा पडदा आता ग्रहताऱ्यांपुरता राहिलेला नाही. फुलपाखरांचे स्थलांतर, ध्रुवीय प्रकाश हेही तेथे दाखविता येते. असे काही पाहिले की मुले विचारतात, "सर, हे आपल्याकडे का नाही?" या प्रश्नाची बोळवण करू नये.

मोनार्क फुलपाखराचे वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. कॅनडा व अमेरिकेतून निघून सुमारे ४,००० किलोमीटरपर्यंतचा प्रवास करून ते मेक्सिकोच्या डोंगरांत हिवाळा काढते. परतीच्या वाटेवर ती पिढी संपते. पुढच्या वर्षी दक्षिणेकडे निघतात ती त्यांची नातवंडे-पतवंडे, ज्यांनी ती वाट कधीच पाहिलेली नसते. सूर्याची दिशा आणि शरीरातील घड्याळ यांची सांगड घालून ती मार्ग राखतात. पृथ्वीच्या चुंबकत्वाचाही त्यांना आधार मिळतो, असे प्रयोगांत आढळले आहे. कॅनडातील फ्रेड व नोरा अर्कहार्ट या दांपत्याने पंखांवर इवल्या चिठ्ठ्या चिकटवून कित्येक दशके हा माग काढला. १९७५ मध्ये ते डोंगर हाती लागले. पुढच्या वर्षी तेथे चिठ्ठी असलेले एक फुलपाखरू मिळाले. ती चिठ्ठी मिनेसोटातील दोन शाळकरी मुलांनी आणि त्यांच्या शिक्षकाने लावली होती! शोधाचे श्रेय देताना एक मात्र विसरू नये: त्या डोंगरांतील गावकऱ्यांना ही फुलपाखरे आधीपासून ठाऊक होती.

मोनार्कचे सख्खे भावंड आपल्या विदर्भातही आहे. रुईच्या पानांवर ज्याची अळी पोसते, ते नारिंगी प्लेन टायगर त्याच कुळातले.

ध्रुवीय प्रकाशाचे उत्तर अधिक रंजक आहे. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रामुळे ध्रुवांकडे वळतात आणि वातावरणातील प्राणवायू व नत्रवायूला उजळतात. प्राणवायूचा हिरवा रंग साधारण शंभर किलोमीटरच्या वर, तांबडा त्याहूनही उंच. नागपूर विषुववृत्तापासून अवघे २१ अंश उत्तरेला, म्हणून आपल्या आकाशात हे दिसत नाही. तरी "कधीच नाही" असे म्हणता येणार नाही. ४ फेब्रुवारी १८७२ च्या सौरवादळात मुंबईहूनही तो दिसल्याची नोंद आहे, आणि मे २०२४ मध्ये लडाखमधील हानले येथे आकाशातील तांबडी आभा कॅमेऱ्याने टिपली.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र २ सप्टेंबर १८५९ ही तारीख अधिक मोलाची वाटते. त्या दिवशीच्या प्रचंड सौरवादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील चुंबकमापकाचे वाचन सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घसरले. डोळ्यांनी वाचून, हाताने वहीत लिहिलेले हे आकडे. जवळजवळ दीडशे वर्षांनी शास्त्रज्ञांनी त्या वादळाची तीव्रता मोजली ती याच नोंदींवरून. तो प्रकाश ज्यांनी पाहिला त्यांची वर्णने पुष्कळ आहेत. आकडा मात्र कुलाब्याचा.

पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून चुंबकीय निरीक्षणे १९०४ मध्ये अलिबागला हलविण्यात आली. तेथील उपकरणांच्या इमारतीच्या बांधकामात लोखंड कटाक्षाने टाळले आहे.