पावसाचा हिशेब व मावळांतील भातखाचरें

पुण्यास वर्षाकाठीं सुमारें 700 मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून लोहमार्गानें सुमारें 64 किलोमीटरांवर असलेल्या लोणावळ्यास 4,000 मिलिमीटरांहून अधिक. कुरवंडे गांवाजवळ उगम पावणारी इंद्रायणी मावळांतून देहू-आळंदीकडे जाते, व पवना पिंपरी-चिंचवडमधून वाहते. (वळवण धरणाचें पाणी मात्र खोपोलीच्या विद्युद्गृहाकडे उतरतें.) अर्थात् घाटमाथ्यावरील सरींचें बरेंवाईट फळ खालच्या शहरास भोगावें लागतें.

रोज सकाळीं साडेआठ वाजतां पर्जन्यमापकांतील पाणी मोजावयाचें, ही जुनी रीत आजहि आहे. तिच्या जोडीला आतां स्वयंचलित यंत्रें आलीं आहेत. यंत्राच्या नरसाळ्याखालीं दोन खणांचें एक चिमुकलें डोलतें पात्र असतें. एक खण ठराविक पाण्यानें भरला कीं तें कलतें, पाणी सांडतें व दुसरा खण धारेखालीं येतो. प्रत्येक कलण्याची नोंद अंकांत होऊन दूरसंदेशानें कार्यालयांत पोंचते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेंत तयार झालेली व 26 मे 2025 रोजीं सुरू झालेली ‘भारत’ अंदाजप्रणाली तर देशाचे सुमारें सहा-सहा किलोमीटरांचे चौकोन पाडून गणित करते.

तथापि एका डोंगरावरचा ओढा अशा चौकोनांतहि मावत नाहीं. 30 जून 2024 रोजीं भुशी धरणामागील धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण अकस्मात् आलेल्या लोंढ्यानें ओढून नेले. शिवाय यंत्र पाऊस येणार एवढेंच सांगतें. आलेलें पाणी अडविणें हें काम जमिनीचें आहे.

विद्यार्थ्यांनीं हें गणित करून पाहावें. एक एकर म्हणजे सुमारें 4,047 चौरस मीटर. तितक्या भातखाचरांत बांधाच्या आधारानें दहा सेंटिमीटर जास्त पाणी तुंबलें, तर तें चार लाख लिटरांवर होतें, म्हणजे दहा हजार लिटरांच्या चाळीस टाक्या. हें पाणी सावकाश झिरपतें व ओसरतें. तेंच खाचर मुरूम टाकून भरलें व वर बंगला उठला, कीं तीच सर घटकाभरांत ओढ्यास मिळते. देवराईंतील पालापाचोळ्याची जाड गादीहि असेंच पाणी धरून ठेवते.

वडगांव मावळच्या संशोधन केंद्रानें 1987 सालीं प्रसृत केलेला इंद्रायणी तांदूळ आपण आवडीनें खातों. परंतु खाचराचें हें दुसरें पीक बाजारांत कोणी मोजीत नाहीं. म्हणून जमीन विकणाऱ्या शेतकऱ्यास दोष देणें मला अन्यायाचें वाटतें. जें शहर त्याच्या बांधांमुळें पुरापासून कांहीं अंशीं वांचतें, त्यानें त्यास मोबदला द्यावा. कोणत्या खाचरांत पाणी उभें आहे हें ठरविणेंहि आतां अशक्य नाहीं. 30 जुलै 2025 रोजीं सोडलेल्या निसार उपग्रहाचें रडार ढगांतूनहि भूपृष्ठ पाहतें.

ज्यांस घरीं प्रयोग करावयाचा असेल, त्यांनीं उभ्या बाजूंचा, सपाट बुडाचा डबा झाडांपासून व भिंतींपासून दूर ठेवून रोज साडेआठ वाजतां त्यांतील पाण्याची खोली मिलिमीटरांत मोजावी. छपराच्या चौरस मीटरांनीं तिला गुणिलें कीं त्या दिवशीं छपरावर पडलेले लिटर निघतात.