यात्रेतील शुचिता व आरोग्य



श्रीक्षेत्र पंढरपुरी आषाढी व कार्तिकी एकादशीस लक्षावधी वारकरी एकत्र येतात. ते एकाच चंद्रभागेत स्नान करतात व एकमेकांच्या चरणांस हात लावून वंदन करतात. पौर्णिमेस गोपाळपुरी काला होतो आणि तो परस्परांच्या हातून स्वीकारून वारीची सांगता होते. म्हणूनच यात्रेत प्रत्येकाचे हात निर्मळ असणे अगत्याचे आहे.

पूर्वी यात्रांमध्ये पटकीची साथ उद्भवे व परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर गावोगावी पोहोचे. लोक तो मरीआईचा कोप मानीत. १८८४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यातील संशोधनातून पटकीचा जंतू ओळखला. रुग्णाच्या विष्ठेतील जंतू पाणी, अन्न व हात यांवाटे निरोगी माणसाच्या मुखात जातात. विषमज्वर व अतिसारही याच मार्गाने पसरतात. श्री संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांनी हाती खराटा घेऊन स्वच्छता हीच भक्ती, हे आचरणातून शिकविले.

यास्तव भाविकांनी पुढील नियम पाळावेत :

१. शौचासाठी वाळवंट व नदीकाठ टाळून शौचालयाचाच वापर करावा.

२. शौचानंतर, तसेच स्वयंपाक, भोजन व प्रसादग्रहणापूर्वी साबणाने किमान २० सेकंद हात चोळून धुवावेत. नखे कापलेली असावीत.

३. पिण्यासाठी शुद्ध केलेले वा उकळलेले पाणीच घ्यावे. नदीचे जल भक्तिभावाने मस्तकी लावावे, घरी नेल्यास देव्हाऱ्यात ठेवावे. प्राशन करू नये.

४. जुलाब वा उलट्या होत असलेल्याने स्वयंपाक, वाढप व काला वाटप यांपासून दूर राहावे. त्यास एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे आणि विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे.

अन्नदान करणाऱ्या दानशूर भक्तांनी पंगतीजवळ साबण व स्वच्छ पाण्याचीही व्यवस्था करावी. तीही अन्नदानाइतकीच पुण्यप्रद सेवा होय.

पूजेस बसण्यापूर्वी आपण देवासाठी हातपाय धुतो. वारकरी तर सहयात्रेकरूच्या ठायी पांडुरंग पाहतो. मग त्याच्या हाती प्रसाद ठेवताना आपले हात निर्मळ असावेत, हेही पूजनच आहे.

रामकृष्ण हरि.